'सिंगल ओनर, टायर ८० टक्के, पेपर क्लिअर': सेकंड हॅन्ड ट्रॅक्टर घेण्याआधी ही जाहिरात वाचायला शिका

"अर्जंट विकणे आहे. ४५ एचपी, मॉडेल २०१४, सिंगल ओनर, फक्त घरच्या शेतीला चाललेला, इंजिन टकाटक, टायर ८० टक्के, पेपर क्लिअर. समक्ष भेटल्यावर किंमत कमी-जास्त होईल."

गावाकडच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असाल तर हा मेसेज तुम्ही महिन्यातून चार-पाच वेळा तरी बघितला असेल. सोबत फोटो. नवीन रंग मारलेलं बोनेट, पॉलिश मारून काळेभोर केलेले टायर. बघताक्षणी वाटतं, नवा घ्यायला सात-आठ लाख लागतात आणि हा तीन लाखांत मिळतोय, सोडायचा कशाला?

पण तीन-चार एकरवाल्या माणसासाठी तीन लाख ही साधी रक्कम नसते. त्यात घरातलं सोनं असतं, सोसायटीचं कर्ज असतं, कधी पोरीच्या लग्नाला ठेवलेली एफडी असते. आणि ट्रॅक्टर ऐन पेरणीत बसला तर पैसे गेले ते गेलेच, वर हंगामही जातो.

मग करायचं काय? सोपं आहे. जाहिरातीतला एकेक शब्द उलगडायचा. तोच आज बघू.

त्याआधी एक कडू प्रश्न : ट्रॅक्टर लागतोय का?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. म्हणजे साधारण सव्वातीन एकर. एवढ्या जमिनीला स्वतःचा ट्रॅक्टर परवडतो का, हे आधी कागदावर मांडा. आकडे तुमच्या गावच्या दराने बदला, पण पद्धत हीच ठेवा.

समजा चार एकर रान आहे. नांगरट, रोटाव्हेटर, सरी, पेरणी असं सगळं भाड्याने करून घेतलं तर एकरी वर्षाला ८,००० रुपये जातात. म्हणजे वर्षाचे ३२,०००.

आता तीन लाखांचा जुना ट्रॅक्टर १२ टक्के व्याजाने घेतला. पहिल्या वर्षाचं व्याज ३६,०००. विमा, ऑइल, किरकोळ दुरुस्ती मिळून २०,००० धरा. घरच्या चार एकरांचं डिझेल १२,०००. झाले ६८,०००. मुद्दल अजून तसंच आहे आणि नांगर, रोटाव्हेटर घ्यायचे बाकी आहेत.

म्हणजे भाड्यापेक्षा ३६,००० जास्त गेले. बाहेरच्या कामात डिझेल जाऊन एकरी ४,००० उरत असतील, तर हा खड्डा भरायला दरवर्षी नऊ एकरांचं काम बाहेरून मिळवावं लागेल. ते मिळणार असेल, किंवा दोन भावांचं, दोन शेजाऱ्यांचं रान एकत्र कसायचं असेल, तर पुढे जा. नसेल तर पॉवर टिलर किंवा गावातली अवजारे बँक यांचा विचार आधी करा.

अर्थात या हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे, वाफसा. पाऊस उघडला की रानात वाफसा दोन-चार दिवस टिकतो आणि त्याच दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या बांधावर येईपर्यंत रान वाळून जातं. दरवर्षी तुमची पेरणी अशी मागे पडत असेल तर स्वतःच्या ट्रॅक्टरची किंमत फक्त पैशात मोजता येत नाही. पण तोट्यात घेतोय की फायद्यात, हे घेण्याआधी माहीत पाहिजे.

"४५ एचपी" : जास्त एचपी म्हणजे चांगला, असं नसतं

द्राक्ष, डाळिंबाच्या बागेत दोन ओळींत आठ-नऊ फुटांचं अंतर असतं. वर मांडव, बाजूला फांद्या. तिथे ४५ एचपीचा ट्रॅक्टर वळतच नाही. म्हणूनच नाशिक-सांगलीकडे बागेच्या कामाला १८ ते २८ एचपीचे छोटे ट्रॅक्टर चालतात. आंतरमशागत, फवारणीचा ब्लोअर, छोटा रोटाव्हेटर ही त्यांची कामं.

दोन फाळी पलटी नांगराने काळ्या रानात खोल नांगरट करायची असेल तर मात्र छोटा ट्रॅक्टर धापा टाकतो. तिथे ४५ ते ५० एचपी लागतो. मधल्या कामाला, म्हणजे पाच फुटी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, एक ट्रॉली यांना ३५ ते ४० एचपीत भागतं.

अजून एक गोष्ट. जाहिरातीतला आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टवर त्यापेक्षा कमी ताकद पोचते. तेव्हा आधी अवजार ठरवा आणि त्याला किती एचपी लागतो ते विचारून मग ट्रॅक्टर शोधा. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. आधी ट्रॅक्टर येतो, मग त्याला शोभेल असं अवजार कर्ज काढून घेतलं जातं.

"मॉडेल २०१४" : साल बघा, पण सोबत स्पेअर पार्ट बघा

ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणजे २०१४ ला नोंदणी झालेल्या ट्रॅक्टरची मुदत २०२९ ला संपणार. तो खर्च आणि ती धावपळ तुमच्या वाट्याला येणार, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवा.

सालाइतकाच महत्त्वाचा प्रश्न, याचे पार्ट आपल्या तालुक्याला मिळतात का? एचएमटीचं उदाहरण घ्या. एकेकाळी गावोगावी दिसणारा हा ट्रॅक्टर. कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ ला झाला. जुने एचएमटी आजही रानात चालताना दिसतात, पण अशा बंद झालेल्या मॉडेलचा एखादा पार्ट मोडला की शोधाशोध मालकालाच करावी लागते. स्वराज आणि आयशरचं तसं झालं नाही. स्वराज २००७ ला महिंद्राकडे गेली, आयशरचे ट्रॅक्टर २००५ ला टॅफेकडे गेले, आणि दोन्ही नावं बाजारात राहिली.

नियम साधा आहे. तुमच्या गावातला मिस्त्री जो ट्रॅक्टर डोळे झाकून खोलतो, तो घ्या.

५० एचपीच्या वरचा घेणार असाल तर अजून एक फरक माहीत असू द्या. १ जानेवारी २०२३ पासून या गटात धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे नव्या ट्रॅक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली. ती दुरुस्त करायला पाना-स्क्रू ड्रायव्हर पुरत नाही, कंपनीचं मशीन लागतं.

"फक्त घरच्या शेतीला चाललेला" : खरी मेख इथे आहे

अख्ख्या जाहिरातीत सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं, तर हे. कारण एकाच सालचे, एकाच कंपनीचे दोन ट्रॅक्टर, पण एकाने आयुष्यभर घरची मशागत केली आणि दुसऱ्याने कारखान्याचा ऊस ओढला, तर ती दोन वेगळी यंत्रं झाली.

ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगामात रात्रंदिवस पळतो. मागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या, वाटेत चढ, खड्डे. क्लच, गिअर, मागचा धुरा, ब्रेक यांची पार वाट लागते. वाळू-मुरमाच्या ट्रॅक्टरचं तसंच, वर पाण्यात उभं राहून गंज वेगळा. भातशेतीच्या भागात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या धुऱ्यात आणि ब्रेकमध्ये पाणी-चिखल शिरलेला असू शकतो.

मालक हे सांगणार नाही. मीटरही सांगेलच असं नाही, कारण तासांचं मीटर बंद पडलेलं असतं किंवा बदललेलं असतं. पण ट्रॅक्टर स्वतः सांगतो.

- मागचा हूक बघा. ट्रॉलीची पिन बसते ते भोक गोल आहे की झिजून लांबट झालंय? लांबट असेल, हुकाला वेल्डिंगचे थर असतील, तर त्याने जन्मभर ट्रॉली ओढली आहे.
- पीटीओ शाफ्टचे दाते बघा. दाते धारदार, बारीक झाले असतील तर रोटाव्हेटर-मळणीचं काम भरपूर झालंय.
- क्लच-ब्रेकचे पेडल बघा. मीटर १,५०० तास दाखवतंय आणि पेडल घासून गुळगुळीत झालंय, तर दोघांतला एक खोटं बोलतोय. पेडल सहसा खोटं बोलत नाही.
- पाट्याखाली वाका. वरून रंग मारता येतो. गिअर बॉक्सच्या सांध्याला, पुढच्या धुऱ्याला, हाऊसिंगला वेल्डिंग दिसलं तर तिथे कधीतरी मोडलंय.

आणि गावात शेजारी, पेट्रोल पंपवाला, चहावाला यांना सहज विचारा. "तो ट्रॅक्टर कुठे चालायचा?" बैल घेताना दात बघतात, तसाच ट्रॅक्टर घेताना त्याचा भूतकाळ बघायचा.

"इंजिन टकाटक" : अर्ध्या तासात कळतं

पहिला नियम, जाण्याआधी फोन करून सांगा की "इंजिन चालू करून ठेवू नका." गेल्यावर बोनेट उघडून आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. गरम इंजिन पटकन चालू होतं आणि खोड लपते. खरी परीक्षा थंड इंजिनची.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? मग डिपस्टिक काढा. इंजिन ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतंय का? पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळलंय याचा अर्थ हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काम. इथेच नमस्कार करून निघालात तरी चालेल. मात्र गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

आता चालू करायला सांगा. दोन-तीन वेळा सेल्फ मारूनही घेत नसेल तर आधी बॅटरी बघा, कारण बॅटरी बदलता येते. बॅटरी चांगली असून घेत नसेल तर कॉम्प्रेशन किंवा डिझेल पंपावर शंका घ्या.

धुराचा रंग बघा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टन झिजलेत. लोड दिल्यावर भसाभसा काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा एअर फिल्टरची तक्रार.

चालू इंजिनवर ब्रेदर पाइपजवळ बघा. तिथून धापा टाकल्यासारखा जोरात धूर येत असेल तर बोअर-पिस्टन संपत आलेत. मिस्त्री लोक पहिल्यांदा तिथेच बघतात. ऑइल प्रेशरचा काटा इंजिन गरम झाल्यावर तळाला जातो का, तेही बघा.

गिअर, ब्रेक, लिफ्ट : चालवल्याशिवाय कळत नाही

रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानू नका. अवजार जोडून रानात अर्धा तास काम करायला सांगा. मालक "कशाला एवढं" म्हणाला, तर तेच तुमचं उत्तर.

कामाच्या लोडवर गिअर आपोआप निसटतो का, ते बघा. क्लच सोडल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण ट्रॅक्टर ओढत नाही, तर क्लच प्लेट गेली. प्लेट फार महाग नसते, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो. मजुरी तिथे लागते.

डावा आणि उजवा ब्रेक मोकळ्या रानात, हळू वेगात, वेगवेगळा दाबून बघा. दोन्ही बाजूंना सारखा वळला पाहिजे. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडायला विसरू नका. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होतो.

शेवटी लिफ्ट. ती सुरुवातीला नाही, काम झाल्यावर तपासा. कारण गरम ऑइल पातळ होतं आणि खरी गळती तेव्हाच कळते. रोटाव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं लांब उभे राहा. हळूच थोडा खाली आला तर ठीक. बघता बघता जमिनीला टेकला, किंवा उचलतानाच झटके देत असेल, तर हायड्रोलिकचं काम आहे. उचललेल्या अवजाराखाली कुणीही जायचं नाही, एवढं पक्कं.

गिअर आणि लिफ्टचं ऑइलही बघा. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये ते ३०-४० लिटर किंवा त्याहून जास्त लागतं. महाग पडतं म्हणून बरेच मालक ते वर्षानुवर्षे बदलतच नाहीत.

"टायर ८० टक्के" : कुठले ८० टक्के?

नक्षीची उंची शिल्लक आहे एवढ्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला भेगा आहेत का, आतून पॅच आहे का, रिमोल्ड केलाय का, हे बघा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले हवेत. पुढचे टायर एका बाजूने झिजले असतील तर पुढच्या धुऱ्याचे बुश गेलेत किंवा सेटिंग बिघडलंय. मागच्या टायरची नवी जोडी म्हणजे सरळ तीस हजारांच्या पुढचा खर्च. तो किमतीतून वजा झाला पाहिजे.

"पेपर क्लिअर" : सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात

इंजिन खराब निघालं तर पैसे घालून नीट होतं. कागद खराब निघाले तर ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि तो तुमचा नसतो.

१. मालक कोण? विकणारा माणूस आणि आरसीवरचं नाव एकच आहे का? मधे दोन-तीन हात फिरलेला आणि फक्त स्टॅम्पपेपरवर नोटरी झालेला व्यवहार सर्रास चालतो. आरटीओसाठी मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या नावाची नोंद आधी व्हायला हवी.

२. एचपी उतरलंय का? आरटीओत 'एचपी' म्हणजे ताकद नाही, हायपोथिकेशन. म्हणजे बँक किंवा फायनान्सचा बोजा. कर्ज फिटलं असेल तर फायनान्सची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. "हप्ते दोनच राहिलेत, तुम्ही भरा" या बोलण्यावर पैसे देऊ नका. फायनान्सने ओढून आणलेला ट्रॅक्टर लिलावात घेत असाल तर तुमच्या नावावर कसा होणार, हे लेखी घ्या. अशा वेळी फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून आरसी आधी आपल्या नावावर करून घेते.

३. नंबर जुळतात का? एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा, बोजा बघा. मग आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष ट्रॅक्टरवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. नंबर घासलेला असेल तर एक मिनिट थांबू नका.

४. वाळूचं लफडं? बेकायदा वाळू-मुरूम वाहताना सापडलेले ट्रॅक्टर महसूल विभाग जप्त करतो आणि दंड लावतो. थकलेला दंड, पोलीस केस, ई-चलान काही आहे का, तहसील आणि पोलीस ठाण्यात चौकशी करा.

५. परराज्यातला आहे? तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. ती नसेल तर इथे नोंदणी होत नाही. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिचे कागद वेगळे असतात, तेही मागा.

कागद जुळले की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन लगेच नाव बदलायला टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्या.

हे विकणाऱ्यासाठीही तितकंच गरजेचं आहे. २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. गाडी मधल्या काळात कितीही हात फिरली असली तरी. म्हणजे तुमचा जुना ट्रॅक्टर दुसऱ्याने धडकवला आणि आरसी तुमच्याच नावावर असेल, तर नोटीस तुमच्या घरी येते.

"किंमत कमी-जास्त होईल" : मग किती कमी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करासह सात लाखांना मिळणारा ट्रॅक्टर मूळ किंमत तीच राहिली तर ६ लाख ५६ हजारांवर येतो. नवाच ४४ हजारांनी उतरला, तर जुन्याने जुन्याच भावाला का बसावं? त्या आधीच्या भावाने कुणी किंमत सांगत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. शिवाय महाडीबीटीवरून मिळणारं अनुदान नव्या ट्रॅक्टरला असतं. तुम्ही त्यात बसत असाल तर नवा आणि जुना यातला खरा फरक किती उरतो, तेही बघा.

आता सांगितलेल्या किमतीची 'घरात आल्यावरची किंमत' करा. समजा ३,००,००० सांगितलेत. टायर ३५,०००, क्लचचं काम १५,०००, सगळं ऑइल-फिल्टर आणि बॅटरी १५,०००, नाव बदलणं आणि विमा १०,०००. झाले ३,७५,०००. बोलणी या आकड्यावरून करायची. आणि इंजिनचं काम निघणार असेल तर तो अंदाज सौद्याआधी मिस्त्रीकडून घ्यायचा, नंतर नाही.

बघायला जाताना तुमचा स्वतःचा मिस्त्री न्या. त्याला हजार-दोन हजार रुपये आणि जेवण द्या. तोच माणूस विकणाऱ्याकडून कमिशन घेणारा नसावा, एवढी खात्री करा. विसार द्यायचा तर थोडा द्या, पावती घ्या, आणि मोठी रक्कम बँकेतूनच, तीही आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की "किंमत किती?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पहिला प्रश्न, "आजवर काय काम केलं?" दुसरा, "आरसी कुणाच्या नावावर आहे?" आणि तिसरा, "उद्या सकाळी थंड इंजिनवर बघायला येऊ का?"

या तीन प्रश्नांवर समोरचा गडबडला तर मेसेज खाली सरकवा. पोळ्यापर्यंत अजून दहा जाहिराती येतात.